ज्याची चूल त्याचं झाड

माझा नवरा मेला त्या सकाळी मी त्याच्यापासून दहा हातांवर बसून भाकरी थापत होते. मला ठाऊक नव्हतं. मला सांगायचं आहे ते झाडाबद्दल, पण हे आधी सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

झाड मोहाचं. आमचं गाव साकोलीहून आत, जंगलाच्या काठाला आहे. फाल्गुन सरत आला की मोहाची पानं झडतात आणि फुलं पडायला लागतात. पहाटेपासून पडतात ती उन्हं चढेपर्यंत. आम्ही ती वेचून आणतो, अंगणात वाळवतो, विकतो. शेतातलं झाड ज्याचं शेत त्याचं. जंगलातलं झाड सरकारचं, असं गार्ड म्हणतो. पण कोणी कुठल्या झाडाखाली वेचायचं याचा गावाचा आपला कायदा आहे. ज्याची चूल त्याचं झाड.

प्रत्येक मोहाखाली तीन दगड मांडलेले असतात, धुरानं काळे झालेले. पहिलं फूल पडलं की त्या दिवसापासून तिसऱ्या सकाळपर्यंत, दगडांवर ऊन यायच्या आत, झाडवाल्या घरातल्या कोणी तरी तिथं चूल पेटवायची, काही तरी रांधायचं आणि तिथंच बसून खायचं. एवढं केलं की त्या हंगामाला झाड त्या घराचं. दगड थंड राहिले तर जो पेटवील त्याचं. आणि आणखी एक. आग आपली पाहिजे. उसन्या विस्तवावर चूल पेटवली तर चूल विस्तव देणाऱ्याची. माझं लग्न झालं त्या वर्षी एकीनं शेजारच्या झाडाखालून निखारा आणला आणि झाड घालवून बसली. त्या दोघी पुढं मरेपर्यंत बोलल्या नाहीत. आता दोघीही गेल्या, झाडही कापलं गेलं.

आमचं झाड मोठं. दोन बायांनी कवळा घातला तरी हाताला हात लागत नाही. त्याच्या फुलांवर माझं वर्षाचं तेल, मिरची, चहापत्ती, एखादं लुगडं भागतं. मुलगा वरठीला कामाला आहे, तिथंच खोली करून राहतो. मागितलं की देतो. मला मागायला आवडत नाही.

तो हंगाम संपत आला होता. आदल्या दिवशी नवरा एका लग्नातून पिऊन आला आणि अंगणात वाळत घातलेल्या फुलांवर आडवा पडला. पोतंभर फुलांचा चिखल केला. मी काही बोलले नाही. आमच्यात भांडण म्हणजे बोलणं बंद. जो आधी बोलेल तो हरला. चाळीस वर्षांत बहुतेक वेळा तोच हरला.

सकाळी तो नेहमीसारखा माझ्या आधी झाडाकडं निघून गेला; हंगामभर आम्ही सकाळचं तिथंच रांधून खायचो. आग पेटवणं त्याचं काम, भाकरी माझं काम, हे पहिल्या वर्षापासून ठरलेलं. मी पोहोचले तेव्हा चूल पेटली होती, चुलीवरच्या गंजात पाणी उकळत होतं, आणि तो खोडाला टेकून, दुपट्टा तोंडावर घेऊन बसला होता. मला वाटलं, उतरली नाही अजून. मी तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं, मळलं, तीन भाकरी केल्या. एक खाल्ली. दोन त्याच्या म्हणून पळसाच्या पानाखाली झाकून ठेवल्या. हाक मारली नाही. शेजारच्या झाडाखालून माझी थोरली जाऊ ओरडली, "भाऊजीले उठव वं, ऊन आलं तोंडावर." मी म्हटलं, झोपू द्या. ती पुन्हा ओरडली. पुन्हा एकदा ओरडली. मी वेचत राहिले. टोपली भरली तेव्हा जाऊन त्याचा पाय हलवला आणि म्हटलं, "अवो."

म्हणजे शेवटी मीच आधी बोलले.

डॉक्टर म्हणाले हार्ट. रात्रीचं उरलं असेल तर असेल, पण दारूनं नाही म्हणाले. माती झाली, लोक गेले. बाया माझ्यापुढं येऊन बसायच्या आणि वाट पाहायच्या. मी रडले नाही, तशा त्या उठून जायच्या. बाळंतपणात टाके घालताना भुलीची सुई देतात ना, मग सुई आत-बाहेर जाते ते कळतं पण दुखत नाही. तसं वर्ष गेलं. जेवत होते, झोपत होते. घरात गॅस आहे, त्यावर एका माणसाचं रांधायचं. कोणी विचारलं कशी आहेस, तर बरी आहे म्हणायची, आणि खरंच काही वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

मग पुन्हा फुलं पडायला लागली. जावेनं बोरिंगवर, चार बायांसमोर, पाण्याचा गुंड भरता भरता म्हटलं, "यंदा तुया झाडाखाली आमची सून चूल पेटवते म्हणते. तुया तं आता उरक नाई."

मी म्हटलं, "पेटवू द्या."

जावेचं झाड आमच्या झाडाला लागूनच, पण मागच्या वाऱ्यावादळात त्याचा शेंडा मोडला, अर्धं वाळलं. त्यामुळं तिला आमचं हवं होतं. यात तिचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पहिल्या सकाळी मी गेले नाही. दुसऱ्या सकाळी जाग होती, पण खाटेवरच बसून राहिले. दुपारी मुलाचा फोन आला. त्याला कोणी तरी सांगितलंच होतं.

"सोड वं माय ते झाड. तिकडं अस्वल फिरून राहिलं म्हणते. तुले काय लागते ते सांग, मी पाठवतो ना."

"काय लागते ते दर वेळी सांगावं लागन."

"मंग सांग. त्यात काय झालं?"

"तू विचारशील, कायले?"

"मी कायले विचारीन, कायले?" तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

मुलगा वाईट नाही. पण मिरची संपली हे वरठीला कळवायचं आणि मग मिरची खायची, हे मला जमणारं नव्हतं. तिसऱ्या पहाटे मी उठले. पीठ घेतलं, जर्मनचा गंज, तवा, चार टमाटर, मिरच्या, मीठ पुडीत बांधून, पाण्याच्या दोन बाटल्या. सगळं टोपलीत घालून निघाले. पाऊण तास चालायचं. वाटेत काही विचार केल्याचं आठवत नाही. मोहाचा वास सगळीकडे सुटला होता, गोड आणि आंबूस. इतर बायांना तो आवडतो.

मी पोहोचले तर जाऊ आणि तिची सून आधीच बसलेल्या. दगडांपासून दोन हात सोडून, कायद्यानं. त्यांच्याजवळ त्यांचा गंज, त्यांचं पीठ, त्यांची काटक्यांची मोळी. झाडाच्या शेंड्यावर ऊन आलं होतं.

"आली काय?" जाऊ म्हणाली.

"आली."

"मले वाटलं, नाई येत."

"तुमाले वाटून काय होते, बाई?"

जाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, त्यामुळं तिला आता लांबचं फार दिसतं, आणि जे दिसतं ते ती बोलते. सून नवी होती, लग्नाला दोनच वर्षं झालेली. ती मोबाईल पाहत होती आणि मध्येमध्ये वर उन्हाकडे.

मी दगडांभोवतीची पानं झाडून दूर केली. पूर्वी आम्ही झाडाखालचा सगळा पाला जाळून टाकायचो म्हणजे फुलं दिसायची. आता गार्ड ते करू देत नाही, जंगल पेटतं म्हणतो. दगडांच्या आत चूल पेटवली तर तो काही म्हणत नाही. दगडांमध्ये वर्षाचा पाचोळा साचला होता. खाली जुनी राख होती, पावसानं घट्ट बसलेली. ती कोणाच्या हातची राख ते मला माहीत होतं. काढली आणि बाजूला टाकली. काटक्या रचल्या, वर गंज ठेवला, पाणी ओतलं. मग हात टोपलीत घातला.

माचीस नव्हती.

पीठ काढलं, मीठ काढलं, टमाटर काढले. टोपली उपडी केली. घरात माचीस आहेच कुठं, हे मला तेव्हा आठवलं. गॅसला लायटर आहे, टकटक करायचं. माचीस असायची ती त्याच्या खिशात. चाळीस वर्षांत त्या चुलीला मी एकदाही काडी लावली नव्हती. पीठ मी विसरले नाही, मीठ विसरले नाही, आपल्या वाटणीचं सगळं बरोबर आणलं. त्याच्या वाटणीचं कोणी आणायचं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि तांदळाचं पीठ आहे. उकळतं पाणी असल्याशिवाय ते मळताच येत नाही. हातात पीठ घेऊन बसण्यापलीकडं काही करण्यासारखं नव्हतं.

घरी जाऊन यायचं तर दीड तास. ऊन तोवर दगडांवर येऊन पुढं गेलं असतं. लांब दोन झाडांखाली धूर दिसत होता, तिथून निखारा आणला असता, तर झाड त्या बाईचं झालं असतं. मी गंजापुढं बसले.

जावेनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "काय वं, गंज मांडून बसली. आता उन्हावर भाकर शेकते काय?"

मी रिकामी टोपली पुन्हा एकदा झटकली.

"माचीस नाई आणली काय?"

"नाई."

"पाय आता," ती सुनेला म्हणाली. "पीठ आणलं, तवा आणला, टमाटर आणले. पंगत घालाले निघाली, अन् माचीस नाई."

सून हसली. मग माझ्याकडं पाहून थांबली.

"आत्याबाई, खोडावर आलं ऊन," ती म्हणाली.

खोडावर खरंच आलं होतं, माणसाच्या उंचीच्या दुप्पट वर. मोहाची साल उन्हात तांबडी दिसते. एकेक फूल पडत होतं, टप, टप. कोणी वेचत नव्हतं. मला वाटलं की आता मी उठून घरी जाईन आणि मुलाला फोन करीन, आणि ते वाटून मला काही झालं नाही. हे मी जसं होतं तसं सांगते. हळहळ वाटली असं म्हटलं तर ते खोटं होईल.

जाऊ म्हणाली, "एक विचारू?"

"विचारा."

"मी तुले तीनदा म्हटलं होतं, भाऊजीले उठव."

"ऐकलं होतं."

"मंग काहून नाई उठवलं?"

"बोलणं बंद होतं आमचं."

तिनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात केली. सून मोबाईल खाली ठेवून ऐकत होती.

"मी समजली, तुले ऐकू नाई आलं," जाऊ म्हणाली. "वर्षभर मी तेच समजून राहिली. चौथ्यांदा उठून येणार होती मी. मंग म्हटलं, नवराबायकोत कायले पडा."

"आल्या असत्या तरी काय झालं असतं? डॉक्टर म्हणे, पहाटेच गेले होते."

"ते तं हाय."

ऊन खाली सरकत होतं. माझी वर्षाची तेल-मिरची त्या उन्हाबरोबर खाली येत होती, आणि मी पाहत बसले होते.

"त्या दोन भाकरी मीच नेल्या," जाऊ म्हणाली.

"कोणत्या?"

"झाकून ठेवल्या होत्या तू. भाऊजीले खाटेवर घालून नेलं, सगळे तिकडं खाटेमांगं गेले. इथं गंज, तवा, तुयी टोपली, सगळं पडून होतं. मी गोळा केलं. गंज-तवा तुया घरी पोचवला. भाकरी गाईले चारल्या. अशा टाकून देऊ नाई वाटलं."

मला ते माहीत नव्हतं. गंज घरी कसा आला हे मी वर्षभरात स्वतःला विचारलं नव्हतं.

मग तिनं कमरेची पिशवी सोडली. सुपारी काढली, अडकित्ता काढला, एक किल्ली काढली, सगळं मांडीवर ठेवलं. तळातून एक पुडकं काढलं. खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळलेलं, वर सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर. ते तिनं माझ्याकडं फेकलं. दगडाजवळ पडलं.

"हे पण इथंच होतं. चुलीपाशी. द्यायचं राहून गेलं."

आत माचीस होती. माझा नवरा माचीस अशीच ठेवायचा, पन्नी आणि वर रबर, म्हणजे पावसात भिजत नाही. पण माझा भासरा, जावेचा नवरा, तोही तशीच ठेवतो. दोघे भाऊ, दोघांचीही खोड तीच. ती माचीस नवऱ्याची होती की भासऱ्याची, हे मला सांगता येणार नाही. माझ्या नवऱ्याची असेल तर आग माझी. भासऱ्याची असेल तर उसनी, आणि झाड त्यांचं.

सूनही हे समजली. "आत्याबाई," ती म्हणाली, "हे तं मामाजीच्या खिशात..."

"गप," जाऊ म्हणाली. "तू होती काय इथं मांगच्या साली? मी होती. भाऊजीची माचीस हाय."

मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती, लांब कुठं तरी पाहत होती, जिथं तिला स्वच्छ दिसतं. ती माचीस तिनं वर्षभर त्या पिशवीत माझ्यासाठी ठेवली होती, की आज स्वतःची चूल पेटवायला आणली होती, हे मी विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

आत पाच काड्या. पहिली घासली तर गूल गळून पडला. दुसरी फुरफुरली आणि विझली. मला नीट घासताच येत नव्हतं. लायटरची सवय.

"अंगाकडं नको ओढू, बाहेर ढकल," जाऊ म्हणाली. "अन् हाताचा आडोसा कर. तुले कोणी शिकवलंच नाई काय?"

"ते काम माझं नव्हतं."

तिसरी पेटली. पाचोळ्याला लावली, धूर झाला, मग काटक्या धरल्या. ऊन खोडाच्या बुंध्यापाशी आलं होतं. पाणी गरम व्हायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. जावेनं आपल्या मोळीतली चार लाकडं उचलून माझ्या चुलीत सारली. लाकूड उसनं चालतं, त्याचा कायदा नाही.

पाणी उकळलं, पीठ टाकलं, झाकलं, खाली उतरवलं. टमाटर आणि मिरच्या निखाऱ्यात खुपसल्या. पीठ चटका देत होतं, तरी मळलं. पहिली भाकर तव्यावर टाकली तेव्हा ऊन दगडांच्या अलीकडं वीतभर होतं. उलटली. एका बाजूनं नीट शिजली, दुसऱ्या बाजूनं कच्चीच राहिली. तशीच उतरवली. टमाटर काढले, साल जळाली होती ती फुंकून टाकली, तव्याच्या काठावर मीठ-मिरचीबरोबर चुरले. पहिला घास तोंडात घातला आणि जावेकडं पाहिलं. ऊन मधल्या दगडावर आलं.

"खाल्ला," जाऊ मोठ्यानं म्हणाली. कोणाला ऐकवत होती कोण जाणे, तिथं आम्ही तिघीच होतो. "पाहून घे," ती सुनेला म्हणाली. सुनेनं तोंड फिरवलं. तिचंही बरोबर होतं. अर्ध्या वाळलेल्या झाडाखाली तिलाच वेचायचं होतं.

मी खात होते. गरम होतं एवढं कळलं. तोंड भाजलं तेही कळलं. मग पुढची भाकर केली, मग आणखी एक. तीन झाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तीनच भाकरींचं पीठ आणलं होतं. हाताला तेवढंच माप ठाऊक.

एक जावेपुढं ठेवली. पळसाच्या पानावर, वर टमाटर.

"मले कायले?"

"खा. नाई तं गाईले घाला."

तिनं तुकडा मोडला, चावला, सुपारी बोटात धरून ठेवली होती. "मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"हाय."

"भाऊजी काई म्हणत नव्हता काय?"

"म्हणत होते. रोज."

एक सुनेला देऊ केली. तिनं आधी नको म्हटलं, मग उन्हं चढल्यावर खाल्ली, आमच्याकडं पाठ करून.

पाणी टाकून आग विझवली. माचिशीत दोन काड्या उरल्या होत्या. पन्नीत गुंडाळून, रबर लावून मी ती जावेसमोर धरली.

"ठेव ना, तुयीच हाय," ती म्हणाली.

"तुमच्यापाशीच राहू द्या. मी विसरते. पुढच्या साली आठवणीनं घेऊन या."

तिनं ती घेतली, किल्ली आणि अडकित्त्याच्या खाली घातली, पिशवीची गाठ मारली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, सुनेला म्हणाली चाल, आणि दोघी त्यांच्या झाडाखाली गेल्या. मी टोपली घेऊन वेचायला लागले. फुलं बरीच पडली होती, काही उन्हानं मऊ झाली होती. खोडापाशी, जिथं तो बसायचा, तिथं जास्त होती. तिथलीही वेचली.